शेवटचं आळं

पुणे, रविवार सकाळ

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अगो, दुखत नाहीये ना, मग झालं." ते वाक्य दोन दिवस माझ्या मनातून हललेलं नाही. फोनवर मी काही सांगू लागले की तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून पत्र लिहिते आहे. दुपारी झोपाळ्यावर बसून सावकाश वाचा. आई, तूही वाच, कारण यातलं अर्धं काम तुझ्यावर येणार आहे.

गणपतीच्या आधी तुम्ही ओहोटीला खाडीवर गेलात आणि कालवाने तळवा चिरला. तुम्ही तसेच चालत घरी आलात, पाय धुतलेत, चहा घेतलात. ओटीवरून पडवीपर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते, ते आईला दिसले. तिने विचारलं तेव्हा तुम्ही पाय उचलून पाहिलात. दोन बोटं लांब चीर होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता. लहानपणी याच कालवांनी माझा पाय कापला होता, तेव्हा माझं रडणं शेजारच्या आगरापर्यंत ऐकू गेलं होतं. तुम्हीच मला खांद्यावर घालून आणलंत.

नंतर दापोलीत डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगून तळव्याला एक बारीक धागा टोचला आणि "लागलं की हो म्हणा" म्हणाले. तुम्ही मला हसत सांगितलंत, "तंगूस होता गो, साधा तंगूस." खरंच तो नायलॉनचा तंगूसच असतो. फक्त त्याची जाडी अशी ठरवलेली असते, की 10 ग्रॅमचा दाब आला की तो वाकतो. ज्याला तेवढा दाब कळत नाही, त्याच्या पायाला जखम झालेली कळेल याचा भरवसा राहत नाही. तुम्ही दहापैकी चार वेळाच "हो" म्हणालात. आईने हे मला हळूच सांगितलं.

आता मधुमेहात हे असं का होतं ते सांगते. मी वर्गात मुलांना मज्जासंस्था दरवर्षी शिकवते, पण तुम्हाला सांगायला आपलं आगरच पुरे आहे.

पायाच्या अंगठ्याला काही लागलं, की ती खबर नेणारी जी पेशी असते, तिचं मूळ अंगठ्यात नसतं. ते असतं कमरेपाशी, मणक्याच्या कडेला, एका बारीक गाठीत. तिथून एकच तंतू निघतो आणि मांडीतून, पोटरीतून, घोट्यातून थेट अंगठ्याच्या कातडीपर्यंत जातो. एका पेशीचा एकच धागा, जवळजवळ मीटरभर लांब, आणि केसाहूनही कितीतरी बारीक. पण त्या धाग्याला लागणारा बहुतेक माल, त्याची प्रथिनं, डागडुजीचं सामान, सगळं वर कमरेपाशीच तयार होतं आणि धाग्यातून खाली वाहून न्यावं लागतं. त्यातला घाईचा माल दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन-तीन दिवसांत अंगठ्याशी पोचतो. पण धाग्याचा सांगाडा ज्याचा बनतो तो जड माल दिवसाला साधारण मिलिमीटरभर सरकतो. मीटरभर जायला त्याला अडीच-पावणेतीन वर्षं लागतात.

बाबा, तुम्ही आयुष्यभर पाटाने आगर शिपलंत. विहिरीचं पाणी कमी झालं की कोणती पोफळ आधी पिवळी पडते? पाटाच्या टोकाची. शेवटच्या आळ्यात पाणी सगळ्यात उशिरा पोचतं, आणि वाटेत कुठेही पाट फुटला, पाला अडकला, की कोरडं पहिल्यांदा तेच राहतं. रक्तात वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली, की नसांना, म्हणजे या खबर नेणाऱ्या धाग्यांना, रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात आणि नसाही. शरीरातले सगळ्यात लांब धागे पायाच्या बोटांपर्यंत गेलेले, म्हणून आधी बोटं, मग तळवा, मग घोट्यापर्यंत, मोजा चढवावा तशी ही बधिरता वर येते. तुमच्या पायात आधी काही झालं आणि हातात नाही, याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट आठवते, आणि तिचा मला फार त्रास होतो. दोन वर्षांपूर्वी रात्री तुमच्या पायांना मुंग्या यायच्या, तळवे जळायचे. "उष्णता झाली" म्हणून आई रोज काशाच्या वाटीने तूप चोळायची. मग पुढच्या पावसाळ्यात जळजळ थांबली आणि आपण सगळे खूश झालो. मी पण. मला तरी कळायला हवं होतं. दुखण्याची खबर नेणारे धागे सगळ्यात बारीक असतात. बिघडायला लागले की ते आधी उगीचच ओरडतात, तीच ती जळजळ. मग गप्प होतात. गेल्या उन्हाळ्यात आंब्याखाली तुमच्या पायावर डोंगळे चढले आणि तुम्ही नुसते झटकलेत, तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा किती सोशिक आहेत.

आई, हे धागे चालतात कसे ते जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते तू साफ करतेस त्या म्हाकुलामुळे. खोटं नाही सांगत. म्हाकुल, म्हणजे पुस्तकातलं स्क्विड, घाबरलं की अंग आवळून पाण्याची पिचकारी मारतं आणि मागे पळतं. त्यासाठी सगळ्या अंगाला एकदम हुकूम पोचवावा लागतो, म्हणून त्याच्या आतल्या भिंतीवर चांदणीसारखी एक-एक गाठ दोन्ही बाजूंना असते आणि तिच्यातून निघालेले तंतू चांगले जाड, काही तर मिलिमीटरभर जाडीचे, नुसत्या डोळ्यांना दिसतील असे. 1936 मध्ये जे. झेड. यंग या शास्त्रज्ञाने ते तंतू म्हणजे नसा आहेत हे दाखवलं. मग 1939 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर, प्लिमथला, हॉजकिन आणि हक्सली यांनी तसल्या एका तंतूच्या आत बारीक नळी घालून त्यातली वीज मोजली. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. उरलेलं त्यांनी 1952 मध्ये पुरं केलं, 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

त्यांना जे सापडलं ते मिठाचंच गणित आहे. नसेच्या बाहेर सोडियम जास्त, म्हणजे आपल्या मिठातलं तेच सोडियम, आणि आत पोटॅशियम जास्त. गप्प बसलेली नस आतून किंचित ऋण असते, साधारण 70 मिलिव्होल्ट. टोचलं की त्या जागेची बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. विजेच्या तारेतून वीज जाते तशी ही खबर सरळ वाहत नाही. होडीतून मासळीच्या टोपल्या हातोहात किनाऱ्यावर येतात, तशी ती येते, प्रत्येक हात ताज्या जोराने पुढे देतो. म्हणून अंगठ्यापासून कमरेपर्यंत येऊनही ती फिकी होत नाही.

म्हाकुलाने वेग मिळवला तो नस जाड करून. आपल्याला तसं परवडत नाही, इतक्या जाड नसा अंगात मावणारच नाहीत. आपल्याकडे नसेवर चरबीचं वेष्टण असतं. एकेक पेशी साधारण मिलिमीटरभराचा तुकडा धरते आणि त्याभोवती स्वतःला गुंडाळत राहते, दोरावर काथ्या गुंडाळावा तशी. मध्ये बारीकशी फट, मग पुढची पेशी. खबर एका फटीतून दुसऱ्या फटीत उडी मारत जाते. स्पर्शाची खबर अशी सेकंदाला 50 मीटर किंवा जास्त वेगाने धावते, आणि दुखण्याचे सगळ्यात बारीक धागे उघडे असतात, ते सेकंदाला मीटरभर. उंबऱ्याला अंगठा ठेचला की आधी "लागलं" कळतं आणि कळ नंतर येते, ती यामुळे.

हे वेष्टण मी सध्या रोज बघते आहे. बाळाला न्हाऊ घातल्यावर मी त्याच्या तळव्यावरून टाचेपासून पुढे नख फिरवते, तर त्याचा अंगठा वर जातो आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरतात. 1896 मध्ये बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ही खूण लिहून ठेवली. मोठ्या माणसाचा अंगठा असा वर गेला तर मेंदूकडून येणाऱ्या वाटेत बिघाड समजतात. बाळाचा जातो, कारण मेंदूपासून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या त्या नसांवर अजून पुरतं वेष्टण चढलेलं नाही. ते चढत जाईल तसं वर्षाच्या आसपास बाळ उभं राहील, पाऊल टाकील, आणि केव्हातरी अंगठा खाली वळायला लागेल.

आणि या सगळ्याची सुरुवात किती लवकर! मला दिवस गेल्याचं कळायच्या सुमारासच ती झाली होती. गर्भाच्या पाठीवर एक चपटी पट्टी असते. पोफळीची विरी वाळताना तिच्या कडा आत वळतात ना, तशा त्या पट्टीच्या कडा उचलतात, एकमेकींना भेटतात आणि नळी बनते. चौथ्या आठवड्याच्या अखेरीला ती दोन्ही टोकांना मिटते. वरच्या टोकाचा मेंदू, खालच्याचा पाठकणा. ती नीट मिटावी म्हणून डॉक्टरांनी मला आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं होतं. आई, तेव्हा तू विचारलं होतंस, "आत्तापासून कसल्या गोळ्या?" त्या या.

मग त्या नळीजवळून धागे निघतात आणि आपापली जागा शोधत जातात. टोकाला चाचपडणारा पंजा असतो, तो वाटेतले रासायनिक वास घेत पुढे सरकतो. अंगठ्याशी जाणारा धागा पोचतो तेव्हा सगळं अंतर काही मिलिमीटरांचं असतं. नंतर पाय वाढतो आणि धागा त्याच्याबरोबर ताणला जात लांब होतो. म्हणजे बाबा, तुमचा अंगठा आणि कंबर यांची गाठ तुम्ही आजीच्या पोटात बोटभर होतात तेव्हाच पडली, आणि तीच आजवर टिकली आहे.

सगळ्यांचीच पडत नाही. मज्जासंस्थेच्या पुष्कळ भागांत गरजेपेक्षा जास्त पेशी तयार होतात आणि काही ठिकाणी तर निम्म्या मरून जातात. जिथे धागा पोचतो तिथून त्याला पोसणारं द्रव्य मिळालं तरच मूळची पेशी जगते. हे शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू होत्या. 1938 मध्ये मुसोलिनीच्या कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढलं. त्यांनी तुरीन शहरात आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम केलं. 1986 मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि त्या 103 वर्षं जगल्या. आई, मला त्यांच्याबद्दल वाचताना तू आठवतेस. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी तू काय काय निभावून नेलं आहेस.

आता काम. शेवटचं आळं कोरडं आहे, ते पुन्हा सगळं हिरवं होईलच असं मी म्हणणार नाही. पण साखर ताब्यात राहिली तर हे वर चढणं मंदावतं. म्हणून दुपारच्या पेजेनंतरचा आमरस आणि रात्रीचे उकडीचे मोदक यांत तुम्ही जो हिशोब लपवता, तो लपवू नका. मधुमेहाची ती नेहमीची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेतली की शरीरातलं बी 12 कमी होऊ शकतं, आणि त्यानेही नसा बिघडतात. पुढच्या वेळी डॉक्टरांना त्याची तपासणी करायला सांगा.

आगरात अनवाणी जायचं नाही. ओलं झालं तरी चपला घालायच्या, आणि घालण्याआधी उलट्या करून झटकायच्या, आत खडा किंवा इंगळी असली तरी तुमचा पाय सांगणार नाही. न्हाणीघरात गरम पाण्यात आधी कोपर बुडवायचं, पाय नाही. थंडीत चुलीशी तळवे शेकायचे नाहीत. भोवरी ब्लेडने कापायची नाही. तळव्याला खोबरेल लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र नको.

आणि रोज रात्री, जेवणं झाली की, तळवे बघायचे. खबर आणणारे धागे गप्प आहेत, तर ते काम आता डोळ्यांनी करायचं. बाबांना वाकता येत नाही, म्हणून आई, तुझ्या फणेरपेटीतला आरसा काढून ठेव, आणि चष्मा लावून तूही बघ. चीर, फोड, लाली, बोटांच्या मध्ये ओल, एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम. काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशी दापोली. दुखतंय का, हे विचारायचंच नाही.

आम्ही दिवाळीला येतोय. तोवर आज रात्रीपासून दोन्ही तळव्यांचा फोटो मला पाठवा. उजव्या पायाची जखम जिथे भरत आली आहे तो भाग जवळून घ्या, आणि उजेडासाठी ओटीवरचा दिवा लावा, माजघरातला फार मंद आहे.

तुमची
सुमी