ईप्रला निघालेल्या लेकास

प्रिय लेका,

तुमच्या शाळेच्या पहिल्या महायुद्धाच्या सहलीचं वेळापत्रक वाचलं. बेल्जियममध्ये ईप्रच्या आसपासच्या दफनभूमी, मग फ्रान्समध्ये सोमची रणभूमी, आणि सगळं झाल्यावर पाऊण तास चॉकलेटच्या दुकानात. ते दुकान अशा प्रत्येक सहलीत असतंच म्हणतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोरांना दिवसभर थडग्यांमधून फिरवल्यावर काहीतरी गोड द्यायलाच हवं.

माझं म्हणणं आहे ते सोबतच्या वर्कशीटबद्दल. प्रत्येक ठिकाणाखाली एकच प्रश्न छापलाय: ‘इथे उभं राहून तुला काय वाटलं?’ आणि खाली पाच रिकाम्या ओळी. काही वाटलं नाही तर त्या ओळी रिकाम्या सोड. शेजारची मुलगी रडली म्हणून तुला रडू यायलाच हवं असं नाही, आणि मित्र हसले म्हणून हसायलाही नको. खरं सांगायचं तर टाइन कॉटच्या दफनभूमीत पोचल्यावर पहिल्यांदा वाटतं ते ‘किती सुंदर जागा आहे!’ असंच. कापलेली हिरवळ, थडग्यांच्या पायथ्याशी गुलाब, एका उंचीचे पांढरे दगड. 1917 साली हाच उतार म्हणजे माणूस बुडेल इतका चिखल होता. ही बाग कुणीतरी ठरवून केलेली आहे. तेव्हा वाटायचं ते वाटू दे, आधी नीट बघ, आणि बघताना विचारत राहा की हे असं असावं हे कुणी ठरवलं.

मृतदेह मायदेशी न्यायला ब्रिटिशांनी 1915 मध्येच बंदी घातली. ज्याच्याकडे पैसा त्याचा मुलगा घरी येणार आणि मजुराचा मुलगा परमुलखात राहणार, हे लोकांना सहन झालं नसतं. म्हणून सगळे तिथेच पुरायचे, आणि सरदार असो की साधा शिपाई, दगड सारखाच. आईवडिलांना दगडाच्या तळाशी आपला मजकूर कोरून घेता येत असे, पण 66 अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागाही धरून. अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जात. पुढे ते ऐच्छिक झाले. न्यूझीलंडच्या सरकारने तर असा मजकूरच नाकारला, त्यामुळे त्यांच्या दगडांचा तळ कोराच दिसेल. थडग्यांच्या रांगांतून चालताना नाव आणि पलटण सगळेच वाचतात. तू खाली वाकून तळाची ओळ वाच. युद्धाचं सरकारी बोलणं वर असतं, घरातलं बोलणं तिथे खाली. कुणी बायबलमधलं वचन टाकलंय, कुणी घरातलं लाडाचं नाव. आणि पुष्कळ दगडांवर नावच नाही, नुसतं ‘महायुद्धातला एक सैनिक’ आणि खाली ‘देवालाच ठाऊक’. हे शब्द इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगने सुचवले. त्याचा मुलगा जॉन 1915 मध्ये लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी गेला. डोळे अधू म्हणून त्याला सैन्यात घेत नव्हते. बापाने ओळख लावून त्याला अधिकारी करवलं होतं. किपलिंगच्या हयातीत जॉनचं थडगं सापडलं नाही.

एसेक्स फार्मच्या दफनभूमीत तुमचे सर नक्की एका थडग्यापाशी थांबतील. व्हॅलेंटाइन स्ट्रडविक, रायफल ब्रिगेड, जानेवारी 1916 मध्ये मारला गेला, वय 15. सगळ्याच शाळा तिथे थांबतात, कारण वय जुळतं. थांबायला हरकत नाही. पण त्याच रांगेतल्या तीस-पस्तिशीच्या माणसाकडेही बघ. तोही कुणाचा मुलगा होता, आणि बहुधा कुणाचा तरी बापही. आपल्या वयाचा असला तरच कळवळायचं, ही सवय लावून घेऊ नकोस. लहान मुलाचं थडगं दाखवलं की वर्ग गप्प होतो हे शिक्षकांना ठाऊक असतं, एवढंच.

संध्याकाळी मेनिन गेट, ईप्रची स्मारक-कमान. आठ वाजता गावातल्या अग्निशमन दलाचे लोक कमानीखाली बिगुल वाजवतात. 1928 मध्ये हे सुरू झालं आणि 1929 पासून रोज चालतं, मध्ये दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांच्या ताब्यातली वर्षं सोडून. संपल्यावर टाळ्या वाजवू नकोस. पुष्कळ पाहुणे वाजवतात आणि गावकऱ्यांना ते आवडत नाही. लवकर जाऊन उभे राहा, नाहीतर पुढच्यांच्या पाठीच दिसतील. त्या भिंतींवर 54,000 च्या वर नावं आहेत, आणि ती फक्त ज्यांचं थडगंच नाही त्यांची. तीही सगळी मावली नाहीत. एवढी मोठी कमान बांधूनही भिंती पुरेनात, तेव्हा 16 ऑगस्ट 1917 पर्यंतचे बेपत्ता इथे आणि त्यानंतरचे टाइन कॉटच्या भिंतीवर, अशी विभागणी झाली. तिकडे आणखी जवळजवळ 35,000. आकडे पाठ करू नकोस, पण कमान अपुरी पडली ही गोष्ट विसरू नकोस.

आणि त्या गावाकडेही बघ. युद्ध संपलं तेव्हा ईप्रमध्ये धड उभी भिंत शोधावी लागत होती. चर्चिलचं म्हणणं होतं की हे अवशेष तसेच ठेवावेत, ब्रिटिश वंशासाठी याहून पवित्र जागा जगात नाही. गावकऱ्यांना मात्र आपली घरं हवी होती. ते परत आले आणि जुनं गाव जसंच्या तसं बांधून काढलं. कापडबाजाराच्या त्या प्रचंड इमारतीचं काम 1967 पर्यंत चाललं. आज त्यातच संग्रहालय आहे. मला या भांडणात गावकऱ्यांचंच बरोबर वाटतं. दुसऱ्याच्या गावाचं आपण तीर्थक्षेत्र करून टाकायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

लांगमार्कला जर्मनांची दफनभूमी आहे. तिथे 44,000 हून अधिक माणसं आहेत, त्यातली जवळपास 25,000 एकाच सामाईक खड्ड्यात. दगड काळपट, जमिनीलगत, वर ओकची झाडं. तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, ‘वाईट लोकांची जागा अशीच असणार’. भांडू नकोस, पण लक्षात ठेव की इथल्या रंगाचाही निर्णय कुणीतरी घेतलेला आहे, पांढऱ्या दगडांचा घेतला तसाच.

तिथून फार लांब नसलेल्या व्लाड्स्लोला तुमची बस जाणार नाही, म्हणून तिथली गोष्ट मीच सांगते. केटे कोल्वित्झ बर्लिनची चित्रकार-शिल्पकार. तिचा धाकटा मुलगा पेटर 1914 मध्ये अठरा वर्षांचा होता. सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी लागणार होती आणि वडील नको म्हणत होते. केटेने मुलाची बाजू घेतली आणि नवऱ्याला राजी केलं. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्यासाठी शिल्प करायचं तिने तेव्हाच ठरवलं, आणि ते पुरं होऊन दफनभूमीत बसायला 1932 उजाडलं. आई आणि बाप गुडघ्यांवर बसलेत, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. आई वाकून गेलेली. बाप ताठ, स्वतःलाच हातांनी आवळून धरलेला. दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. पुढे 1950 च्या दशकात विखुरलेल्या जर्मन दफनभूमी एकत्र केल्या तेव्हा पेटर व्लाड्स्लोला आला आणि मागोमाग ही दोघंही. मी हे शिल्प फक्त छायाचित्रांत पाहिलंय. त्यात शत्रूचे आईबाप कुठे दिसतात हे मला अजून सापडलेलं नाही.

आता आपल्याकडच्या माणसांचं. वर्कशीटमध्ये भारताचा उल्लेख एका ओळीत आहे: ‘वसाहतींनीही मदत केली.’ मदत! सप्टेंबर 1914 च्या अखेरीस भारतीय पलटणी फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या आणि ऑक्टोबरात ईप्रच्या खंदकांत होत्या, तेही उन्हाळी कपड्यांत. आघाडी फुटायच्या बेतात होती आणि ब्रिटनचं नवं सैन्य अजून कवायतच करत होतं. ईप्रजवळ होलबेकला 31 ऑक्टोबरला मशीनगनवरचे सगळे साथीदार पडल्यावरही खुदादाद खान गोळ्या झाडत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळालेला तो पहिला भारतीय सैनिक. त्याच आठवड्यात फ्रान्समधल्या नव्ह शापेलला किरकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या घरोघरी लढल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं ती, त्या दिवशी पायदळ म्हणून पुढे घातली. एप्रिल 1915 मध्ये जर्मनांनी ईप्रजवळ पहिल्यांदा क्लोरीन वायू सोडला, आणि चारच दिवसांनी भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला त्या बाजूला उघड्या रानातून हल्ल्याला पाठवलं. मुखवटे नव्हते. ओल्या फडक्यांवर भागवायचं होतं.

नव्ह शापेलला भारतीयांचं स्मारक आहे, 1927 चं, हर्बर्ट बेकरने रचलेलं. गोल आवार, मधोमध कमळ मिरवणारा उंच खांब, दोन बाजूंना दोन वाघ. थडगं नसलेल्या 4,700 हून अधिक सैनिकांची आणि मजुरांची नावं तिथे आहेत. ईप्रहून बसने फार वेळ लागत नाही आणि सोमला जाताना थोडा वळसा घेतला की झालं. मी शाळेला तसं लिहिलंय. उत्तर नम्र आलं: वेळ नाही. चॉकलेटच्या दुकानातला पाऊण तास तेवढा मला आठवला.

पण त्याहून मोठी गोष्ट बेल्जियममध्ये दिसणारच नाही. मराठा पलटणी लढल्या त्या मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पूना डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी तिथल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. शेवटी घोडे खाऊन दिवस काढले, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. त्या आघाडीवरच्या बेपत्तांचं स्मारक बसऱ्याला आहे, 40,000 च्या वर माणसांचं. त्यावर ब्रिटिशांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत. साध्या भारतीय शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. असे 33,000 हून जास्त. सरदार आणि शिपाई यांचा दगड सारखा असेल, असं ज्या युद्धकबर आयोगाने, म्हणजे या दफनभूमी सांभाळणाऱ्या संस्थेने, ठरवलं त्याच आयोगाने हेही केलं. 2021 मध्ये त्यांनीच नेमलेल्या समितीने ते मान्य केलं आणि माफीही मागितली गेली. मेनिन गेटखाली उभं राहून सर म्हणतील, ‘इथे प्रत्येकाचं नाव आहे, कुणीही विसरलं गेलं नाही.’ तेव्हा हात वर करून बसऱ्याबद्दल विचार. उद्धटपणे नको, पण विचार.

पोपरिंगला थांबलात तर नगरभवनाच्या अंगणातला खांब बघ. अशा खांबाला बांधून ब्रिटिश सैन्य स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घालत असे. पळून जाणं, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिशांनी मारलेल्या 306 जणांना 2006 मध्ये माफी मिळाली, तीही नव्वद वर्षांनी.

सोमबद्दल सर पुष्कळ सांगतील, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. 1 जुलै 1916, एका दिवसात 19,240 ब्रिटिश ठार. मी फक्त एवढं सांगेन की बोमों-हामेलला खंदक अजून राखलेत, तिथे न्यूफाउंडलंडच्या पलटणीने कुठून निघून कुठवर जायचं होतं ते अंतर डोळ्यांनी मोज. आठशेच्या आसपास माणसं निघाली आणि दुसऱ्या सकाळी हजेरीला 68 उभी होती. ते मैदान बघितलंस की त्या हुकमाबद्दल जे काय वाटेल ते त्या पाच ओळींत लिही.

शेताच्या बांधावर गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही. ‘आठवण म्हणून एक तुकडा’ असं कुणी म्हणालं तरी नाही. शेतकऱ्यांना आजही दर नांगरणीला तोफगोळे सापडतात, काही वायूचेसुद्धा, आणि बेल्जियमच्या लष्कराचं एक पथक ते गोळा करून निकामी करत असतं. बूट जाड तळव्याचे घाल, मोजे जास्तीचे घे.

एक काम माझंही कर. मेनिन गेटवर भारतीय पलटणींचीही नावं आहेत. त्यातली तीन-चार, पलटणीसकट, नीट दिसतील अशी टिपून आण. युद्धकबर आयोगाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. पुष्कळ भारतीय नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नाव असतं. आईचं क्वचितच. आपण दोघं बसून शोधू.

तुझी,
आई