किटीवेक म्हणजे चिप्स पळवणारा सीगल नव्हे

संपादक साहेब,
रविवारच्या पुरवणीत सगळ्या कुरव पक्ष्यांना, म्हणजे सीगलना, चिप्स पळवणारे म्हणून एकाच माळेत ओवलंत, म्हणून लिहितोय. मी सध्या इंग्लंडात न्यूकॅसलला असतो, इथे 1928 साली सुरू झालेल्या टाइन ब्रिजवर किटीवेक नावाचे कुरव घरटी करतात. खरंतर हा समुद्रातल्या उभ्या कड्यांवर राहणारा पक्षी, पण इथे समुद्रापासून साधारण 13 किलोमीटर आत, पुलाच्या लोखंडी कडांनाच कडा समजून बसलाय! हा तुमचे चिप्स वगैरे पळवत नाही हो, समुद्रातले छोटे मासे खातो, आणि हिवाळा अख्खा भर अटलांटिकमध्ये काढतो. चिखल, गवत, शेवाळ चिकटवून घरटं करतो, अंडी बहुतेक दोन. गंमत पिल्लांची, बाकी कुरवांची पिल्लं लगेच इकडेतिकडे फिरायला लागतात, पण ही जागची हलत नाहीत, हलली तर थेट खालीच ना. आणि ओरडतो कसा तर स्वतःचंच नाव, किटी-वेऽक, किटी-वेऽक, पहाटे चारपासून! घाण होते म्हणून लोक वैतागतात, ते मलाही पटतं. पण ऑगस्टमध्ये ते निघून गेले की पूल एकदम मुका वाटतो.
आपला,
एक वाचक, न्यूकॅसल