झेंडा लावला, आता उतरवायचा कोणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंधरा ऑगस्ट होऊन महिना उलटला, गणपती येऊन गेले, पण आमच्या सोसायटीत अजून दहा-बारा बाल्कन्यांना तिरंगा तसाच आहे. समोरच्या विंगमधला एक झेंडा तर मला रोज चहा पिताना दिसतो. ग्रिलला केबल टायने बांधलाय, प्लास्टिकची काडी वाकलीय, केशरी पट्टा पावसापाण्याने पार फिकट पिवळा पडलाय, कडेची शिवण उसवून दोरे लोंबतायत आणि पांढऱ्या पट्ट्यावर कबुतरांनी जे केलंय ते पेपरात लिहिण्यासारखं नाही.

त्या घरातल्या लोकांना दोष द्यायला हे पत्र लिहीत नाहीये. त्यांनी हौसेने लावला, पोरांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले, स्टेटसला टाकले. लावा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, काढा कधी आणि काढून ठेवा कुठे हे कोणीच सांगितलं नाही.

पूर्वी हा प्रश्नच यायचा नाही, कारण सूर्यास्ताला झेंडा उतरवायचा हा नियम होता. शाळेत शिपाईकाका संध्याकाळी आठवणीने उतरवून, घडी करून कपाटात ठेवायचे. 20 जुलै 2022 ला ध्वजसंहितेत, म्हणजे झेंडा कसा लावायचा याच्या सरकारी नियमांत, बदल झाला आणि घरावर रात्रंदिवस झेंडा ठेवायला परवानगी मिळाली. चांगलंच झालं, सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावायची मोकळीक 2002 च्या संहितेने मिळाली आणि तो मूलभूत हक्क आहे हे 2004 मध्ये उद्योगपती नवीन जिंदाल यांनी लढलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, म्हणजे हा हक्क काही आयता मिळालेला नाही. पण रात्रंदिवस म्हणजे चिंध्या होईपर्यंत असा अर्थ लोकांनी काढलाय. फाटका किंवा चुरगळलेला झेंडा लावू नये हे त्याच संहितेत आहे की!

आता खरी अडचण सांगतो. खराब झालेला झेंडा कुठेही टाकून न देता खाजगीत, पूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या पद्धतीने नष्ट करावा असं संहिता म्हणते. हे लिहिलं तेव्हा झेंडा खादीचा असायचा, सुती, लोकरी नाहीतर रेशमी. 30 डिसेंबर 2021 ला पॉलिस्टर आणि मशीनवर बनवलेल्या झेंड्यांना परवानगी दिली, त्यामुळे पोस्टातसुद्धा 25 रुपयांत झेंडा मिळायला लागला, पण पॉलिस्टर जाळून बघा एकदा, ते जळत कमी आणि वितळतं जास्त, काळे थेंब गळतात, वास सुटतो. फ्लॅटमध्ये हे करणार कुठे, गॅसवर? खाली पार्किंगमध्ये पेटवला आणि कोणी व्हिडिओ काढून व्हायरल केला तर? चारचौघांत झेंडा जाळणं हा राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या 1971 च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घंटागाडीत टाकायला मन धजत नाही, आणि टाकलाच तर तो सफाई कामगार बिचारा त्याचं काय करणार? म्हणून माणूस काहीच करत नाही, राहू दे तिथेच म्हणतो.

जाता जाता अजून एक. स्वस्तातल्या झेंड्यांची छपाई जरा नीट बघा. चक्र अंड्यासारखं, कधी एका बाजूला सरकलेलं, आरे मोजले तर 24 भरत नाहीत. लांबी-रुंदी 3:2 पाहिजे हे छापणाऱ्याच्या गावीही नसतं. आपल्याच नांदेडला खादीचे झेंडे बनतात, त्यांना रंग पक्का आहे का, सूत किती, चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसतं का इथपर्यंतचे निकष लागतात. महाग असतात, मान्य आहे. पण वर्षातून दोन दिवस लावून घडी करून ठेवला तर बरीच वर्षं पुरेल, सोसायटीने मिळून एक मोठा घेतला तर माणशी कितीसे पडणार?

महापालिकांना एकच सांगणं आहे. विसर्जनाला घाटाघाटावर निर्माल्य कलश ठेवता ना, तसे 16 ऑगस्ट आणि 27 जानेवारीपासून आठवडाभर वॉर्ड ऑफिसमध्ये झेंड्यांसाठी डबे ठेवा. चांगले असतील ते धुऊन, इस्त्री करून पुढच्या वर्षी शाळांना द्या, फाटके असतील ते पालिकेनेच एका ठिकाणी नेऊन नियमाप्रमाणे नष्ट करावेत. पॉलिस्टरचं नेमकं काय करायचं हे केंद्राने एकदा लेखी स्पष्ट करावं, नाहीतर प्रत्येक वॉर्ड आपापल्या डोक्याने काहीतरी करेल.

आणि तुमच्या पेपरनेही झेंडा कसा लावावा याची चौकट दर 14 ऑगस्टला छापता, तशी कसा उतरवावा याची 16 तारखेला छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड