ट्रिप झाला की रीसेट, हा इलाज नव्हे

महोदय,

मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, ट्रिप झाला (दोष दाखवून आपणच बंद पडला) की रीसेट मारायचे, पुन्हा झाला की पुन्हा मारायचे आणि शेवटी 'ड्राइव्हच गेला' म्हणून नवा बसवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. पडद्यावरचा कोड आणि ट्रिप होतानाचा क्षण (वेग घेताना, एकसारखी चालताना की थांबताना) टिपून ठेवला, तर निम्मा दोष तिथेच सापडतो. रीसेटच्या घाईत नेमके तेच राहते.

थांबताना ओव्हरव्होल्टेजचा (जादा व्होल्टेजचा) कोड आला, तर ड्राइव्हचा दोष क्वचितच असतो. जड पंखा झटकन थांबवायला गेलो की मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये परत येते. 415 व्होल्ट पुरवठ्यावर डीसी बस (या कपॅसिटरवरचे व्होल्टेज) साधारण 587 व्होल्ट असते. ती 800 च्या आसपास गेली की ड्राइव्ह हात वर करतो. डिसेल टाइम (थांबायला दिलेला वेळ) 5 सेकंद असेल तर 30 करून पाहा. लवकर थांबवणे भागच असेल तर ती ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा. मात्र मॅन्युअलमधल्या किमान ओहमपेक्षा कमीचा नको, नाहीतर रेझिस्टर चालू-बंद करणाऱ्या चॉपरचा ट्रान्झिस्टर जातो.

वेग घेताना ओव्हरकरंटचा (जादा करंटचा) कोड आला तर आधी शाफ्ट हाताने फिरवून पाहा, अर्थात पुरवठा तोडून. मग अ‍ॅक्सेल टाइम (वेग घ्यायला दिलेला वेळ) वाढवा, टॉर्क बूस्ट (कमी वेगाला दिलेला फिरवण्याचा जादा जोर) कमी करा. तरीही ट्रिप होत असेल तर मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यूच्या तारा सोडवून ड्राइव्ह मोटरशिवाय व्ही/एफ मोडमध्ये (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरावीक प्रमाणात देणाऱ्या साध्या मोडमध्ये) चालवा. तेव्हाही ट्रिप झाला तर दोष आतला. नाही झाला, तर केबल आणि मोटर मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासा. तारा ड्राइव्हला जोडलेल्या असताना मेगर मारला, तर चांगला ड्राइव्हही जाईल. आणि झाकण उघडण्याआधी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून डीसी बस मीटरने मोजाच. दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असे नव्हे.

बसवतानाची एक चूक मात्र फार छळते. 230 व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह तीन फेज देतो, पण 230 व्होल्टचेच. नेमप्लेटवर 230/400 असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या डेल्टा जोडणीत हव्यात, म्हणजे प्रत्येक गुंडाळीला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात. त्या स्टारमध्येच राहिल्या तर टॉर्क जवळपास एक तृतीयांश मिळतो. रिकामी मोटर छान फिरते, लोड आला की गुणगुणत अडते आणि बोल सगळा ड्राइव्हला!

नेमप्लेटवरचा करंट ड्राइव्हमध्ये भरा, नाहीतर ओव्हरलोडचे संरक्षण नावापुरतेच. मोटर तासन्‌तास 20 हर्ट्झच्या खाली चालणार असेल तर तिला थंड ठेवणारा शाफ्टवरचा पंखाही मंदावतो. वेगळा पंखा लावावा.

ग्राउंड फॉल्टचा (करंट जमिनीकडे गळत असल्याचा) कोड फक्त पावसाळ्यात किंवा पहाटेच येत असेल, तर टर्मिनल बॉक्स उघडून आधी ओल शोधा.

आपला,
एक तंत्रज्ञ वाचक