भाड्याची वही बँकेत कधी चालणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. २०११ साली मुलगी पहिलीत होती, तेव्हा आम्ही इथे आलो आणि तेव्हापासून भाड्यानेच राहतोय. तीन घरं बदलली, पण भाडं कुणाचं बुडवलं नाही. त्याची माझ्याकडे वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. दर महिन्याला एक ओळ: तारीख, रक्कम, घरमालकाची सही. पहिली ओळ ३,५०० रुपयांची आहे, अलीकडची ११,००० ची. पहिल्या घरमालकीणबाईंना सही येत नव्हती, त्या अंगठा द्यायच्या. त्या पानांवर अजून जांभळी शाई दिसते.

२०२५ च्या जूनमध्ये बदलापूरला एक वन आरके बघितलं. किंमत २१ लाख, आमची शिल्लक ४ लाख. कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी संगणकात बघितलं आणि म्हणाले, ‘तुमचा सिबिल मायनस वन दाखवतोय.’ माझ्या पोटात गोळाच आला. कुणाचं काही देणं राहिलंय की काय? मग त्यांनी सांगितलं, सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा स्कोअर; तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, म्हणून तुमची नोंदच नाही. मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. ‘ही चालत नाही, मॅडम.’

ज्या घरात मी वाढले तिथे कर्ज नसणं हीच पत होती. अंथरूण पाहून पाय पसरायचे, दुकानदाराची उधारी महिनाअखेरीला चुकती करायची. आज माझ्या भाच्याने हप्त्याने मोबाइल घेतला, हप्ते वेळेवर भरले, त्याचा स्कोअर ७४० आहे. त्याचं मला कौतुकच आहे. पण मुलीने माझ्या वहीची बेरीज केली तेव्हा आकडा १२ लाख ६ हजारांवर गेला. एवढे पैसे वेळच्या वेळी देऊनही माझी नोंद कोरी, हे मला पटत नाही. वरचा खर्च धरून लागणाऱ्या १८ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेपंधरा हजारांच्या आसपास आला असता. आज भाड्याचे ११ हजार आणि आरडीचे ५ हजार मिळून तेवढे पैसे दर महिन्याला घरातून जातातच.

ऑगस्टमध्ये बातमी वाचली. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्येच बँकांना सांगितलंय, हे अर्थ मंत्रालयाने लोकसभेत स्पष्ट केलं. कात्रण घेऊन पुन्हा गेले. या वेळी साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, ‘नाकारत नाही. पण तुम्ही नियमित पैसे भरता हे कशावरून धरू? पासबुकात दाखवा.’ तिथेच अडलं. माझं सगळं भाडं रोखीत गेलेलं.

रोखीत का, तर घरमालकाला तसंच हवं होतं. ‘ऑनलाइन पाठवलंत तर पुढचा करार विसरा,’ हे मी या कानांनी ऐकलंय. डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या हातात असलं की माणूस वाद घालत नाही. करार तरी पुरावा म्हणून दाखवावेत, तर तीनपैकी एकाच घराचा रजिस्टर झाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आमच्याकडे मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी फी आणि एजंटचे पैसे, सगळं मीच भरलं. आणि करारात किती भाडं ठरलं एवढंच लिहिलेलं असतं, ते दिलं की नाही हे नसतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचं पॅकिंगचं काम सुटलं. शिलाईला कुणी येत नव्हतं. कर्जदारांना तेव्हा हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली आणि त्यांची नोंद बिघडली नाही. मी एप्रिल-मेचं भाडं जूनमध्ये दिलं, त्यासाठी आईने घातलेल्या दोन पाटल्या मोडल्या. वहीत त्या दोन ओळी एकाच तारखेच्या आहेत.

मुलगी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते. तिने वाचून दाखवलं की अमेरिकेत फॅनी मे नावाची मोठी संस्था आहे, ती बँकांनी दिलेली गृहकर्जं विकत घेते. सप्टेंबर २०२१ पासून अर्जदाराच्या संमतीने बँक खात्यातलं बारा महिन्यांचं भाडं बघून ते त्याच्या बाजूने धरायची सोय तिथे झाली. एखाद्या महिन्याचं भाडं दिसलं नाही तर ते त्याच्या विरोधात धरत नाहीत. आपल्याकडे त्याच महिन्यात अकाउंट अॅग्रीगेटर सुरू झालं. त्यात ग्राहकाच्या परवानगीने एका बँकेतल्या खात्याचा तपशील दुसऱ्या बँकेला दिसतो. म्हणजे रस्ता तयार आहे. त्या तपशिलातली भाड्याची ओळ पत असल्याचा पुरावा म्हणून धरायची, एवढंच ठरवायचं आहे. रिझर्व्ह बँकेने आणि पत-नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी ते ठरवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मात्र भाडेकरूच्या संमतीशिवाय काही नोंदवू नये. घरमालकाच्या एकट्याच्या शब्दावर तर मुळीच नको, नाहीतर डिपॉझिटच्या भांडणात आमचीच नोंद काळी होईल. आणि घरमालकाने बँकेतून भाडं घ्यायला नकार देता कामा नये, हे राज्य सरकारने करारातच छापून टाकावं.

माझ्यासारख्या बायकांना सांगते, भाडं खात्यातूनच पाठवा आणि शेऱ्यात ‘भाडे’ आणि महिना लिहा. काही जणी अॅपवर क्रेडिट कार्डाने भाडं भरत होत्या. त्यात वर फी जायची आणि नोंद व्हायची ती कार्डाची, भाड्याची नाही. सप्टेंबर २०२५ च्या नियमांनंतर बऱ्याच अॅपनी तेही बंद केलं. स्कोअरसाठी नको ती वस्तू हप्त्याने घेऊ नका. माझी नोंद तयार व्हावी म्हणून मी २० हजारांची एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घेतलंय, महिन्याचा किराणा त्यावर घेते आणि सगळं बिल मुदतीआधी भरते.

ऑक्टोबरमध्ये घर बदललं. हे घरमालक यूपीआयने भाडं घेतात. मी वहीतही लिहिते, ते हसून सही करतात. येत्या सप्टेंबरच्या भाड्याने बारा महिने पूर्ण होतील. तेव्हा पासबुक आणि वही, दोन्ही घेऊन मी त्याच शाखेत जाणार आहे.

आपली नम्र,
एक भाडेकरू, डोंबिवली (पूर्व)