आण्णांच्या वहीतला आकडा

बजाजनगर, वाळूज
11 मार्च 2026

प्रिय बाळू,

आबा येऊन गेले. घाटी दवाखान्यात डोळा दाखवायला आले होते. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करावं लागेल म्हणले डॉक्टर. बाकी बरे आहेत, मीपण बराय. फोन केला असता, पण तू दुकानात असतोस, आण्णा शेजारी गल्ल्यावर, आणि मला बोलायचंय ते आण्णांच्या उधारीच्या वहीबद्दलच. दुसऱ्या कुणाला हे सांगून काही उपयोग नाही. आमच्या रूममधल्या नांदेडवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, "दे ना घरी पैसे, त्यात काय एवढं?" त्याचे वडील मास्तर आहेत, त्याला महिना म्हणजे काय ते पाळण्यात असल्यापासून ठाऊक.

आमच्या घरात महिना कधी नव्हताच बघ. दिवाळीला सोयाबीन, संक्रांतीनंतर तूर, आता हरभरा, एवढ्याच पैसा यायच्या तारखा. मधलं सगळं तुमच्या वहीवर. आता माझा पगार दर सात तारखेला येतो आणि त्याचे तीस तुकडे करायचे, हे मी इथं येऊन शिकायलोय. पगार 19,000. त्यातून पीएफचे 1,560, ईएसआयसीचे 143 आणि प्रोफेशनल टॅक्स. दर महिन्याला तो 200 असतो, या वेळी 300 कापला. मी एचआरला जाऊन विचारलं. फेब्रुवारीच्या पगारात शंभर जास्त कापतात, वर्षाचे 2,500 बसवायला. हातात आले 16,997. खोलीभाडं माझ्या वाट्याचं 2,250. लाइट मालकाच्या सबमीटरवर, युनिटला दहा रुपये. मीटर जिन्याखाली आहे, भाडं ठरवायच्या आधी मी त्याच्यावरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आणि मालकालाही पाठवला. पिण्याच्या पाण्याचा जार वेगळा. दुपारचं जेवण कंपनीच्या कॅन्टीनला, रात्री आम्ही रूमवर भाकरी टाकतो. ज्वारी घरची, दळण इथलं, गॅसची पाच किलोची टाकी. कंपनीची बस फुकट. धाकटीच्या हॉस्टेलचे तीन हजार मी पाठवतो. गावाकडं यायचं तिकीट आहेच. 2023 पासून बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात झाली, आपल्याला पूर्ण. तू जर मिशी काढून ओढणी घेतलीस तर कंडक्टर तुला तीन चतुर्थांशात नेईल.

आणि मोबाइलचं एक गणित तुला सांगतो, कारण दुकानात तूच रिचार्ज मारून देतोस. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा होतात. मी वहीत बाराच धरले असते तर एक महिना हवेतून आणावा लागला असता. तू गिऱ्हाइकाला हे सांगत नाहीस, मला माहीत आहे.

तर हे सगळं जाऊन, दुखण्याखुपण्याला हजार बाजूला ठेवून, घरासाठी चार हजार उरतात. आबांना वही दाखवली. चष्मा वर सरकवून, बोट ठेवून ठेवून वाचली त्यांनी. 'घर 4,000' वर आल्यावर बोट थांबलं. म्हणले, "हे महिन्याला देऊ नको. ते जिरतं. मिरगाला, पेरणीच्या तोंडाला, एकदम दे."

मला पहिल्यांदा राग आला. पण रात्रभर ते बोलत होते आणि त्यांचं बरोबर आहे, बाळू. सप्टेंबरच्या पाण्यात सोयाबीन उभ्या उभ्या सडलं, ते तू पाहिलंस. हमीभाव 5,328 जाहीर झाला, पण डागी माल कोण त्या भावानं घेतं? जे पोत्यात आलं ते पण बियाण्याच्या लायकीचं नाही, उगवणार नाही, म्हणजे या वर्षी बियाणंही विकत. चार एकराला एकरी तीस किलो. डीएपीचं पोतं 1,350, तशी चार म्हणजे 5,400 नुसत्या खताचे. बँकेचं मागचं पीककर्ज थकलंय, तिथून नवीन काही नाही. मग राहतो आडत्या. त्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की माल त्याच्याच दारात घालावा लागतो, तो म्हणेल त्या दिवशी, तो म्हणेल त्या भावात. आबा म्हणले, "जूनला माझ्याकडं माझे पैसे असले तर मी दिवाळीत विकणार नाही. थांबीन." एवढं साधं आहे ते. आयुष्यात एकदा तरी थांबून विकायचंय त्यांना.

मार्च, एप्रिल, मे धरले तर बारा हजार होतात. खत येईल आणि बियाण्याचा थोडा भाग. अर्धी का होईना, उचल वाचते.

पण मग माय? आबा झोपल्यावर मी तिला फोन केला तर ती म्हणाली, "मला दोन हजार महिन्याला देत जा, दुकानाचं तरी रोख होईल." तिनं बाकी काही मागितलं नाही. आणि इथंच माझं डोकं अडकलंय, कारण आबा बाजाराला जातात, आडत्याकडं जातात, पण तुमच्या दुकानात कायम मायच येते. तू पाहिलंयस ती कशी येते. मिठाच्या पोत्यापाशी उभी राहायची, सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत. "तुमचं होऊ द्या" म्हणायची, नंतर आलेल्यालाही पुढं करायची. दुकान रिकामं झालं की मग हळूच तेल, साखर, चहापत्ती सांगायची. आण्णांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, उधारी म्हणून रुपया जास्त लावला नाही, हे मी कुठंही सांगीन. पण तिचं ते थांबणं आहेच ना.

आणि तू दहावीत मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर "तुमचं खातं अजून बाकी आहे" म्हणलास, ते मी विसरलेलो नाही. अबोला संपला म्हणून ते संपलं असं नाही. आज तेच खातं तुझ्याकडं मागायलोय, म्हणून सांगितलं.

माझं काम असं आहे. आमच्या घराला महिन्याला खरं किती लागतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. मायला विचारलं तर ती कमी सांगते, आबांना विचारलं तर "लागतंय तेवढं लागतंय." जगात एकाच जागी ते लिहिलेलं आहे, आण्णांच्या लाल वहीत. मागच्या पाडव्यापासूनची आमची पानं काढ आणि महिन्याची बेरीज कर. आबांची तंबाखू वेगळी काढ, ती मी देणार नाही. बेरीज दोनदा कर, तू शाळेत हातचा विसरायचास. आणि हे चोरून करू नको, आण्णांना सांगून कर. मी पैसे बुडवायला नाही, फेडायला विचारायलोय.

माझा अंदाज दीड हजाराचा आहे. तेवढाच असला तर मायला दीड हजार रोख दर महिन्याला, उरलेले अडीच हजार मिरगासाठी. तीन महिन्यांचे साडेसात. म्हणजे यंदाचं खत निघालं, बियाण्याचं बघावं लागेल. जूनपासून बँकेत महिन्याला दोन हजारांची आरडी टाकणार, पुढच्या मिरगाला 24 हजार आणि वर व्याज. मागची बाकी वेगळी, ती हरभऱ्यातून द्यायला मी आबांना तयार करतो. आकडा अडीच हजार निघाला तर मात्र मला भत्त्यासाठी रात्रपाळी मागून घ्यावी लागेल, तिथं जागा आहे. सांग, तुला काय वाटतं. माय आधी की मिरग आधी? तू दोघांनाही रोज बघतोस.

तुझं भरतीचं ग्राउंड कधी आहे? सोळाशे मीटरला टाइम किती बसला? गुडघ्याला काय झालं होतं ते बरं झालं का? आणि रेणापूरच्या स्थळाचं काय झालं, काकू म्हणत होत्या मुलीकडचे येऊन गेले. हो म्हण, बाबा. लग्नाचं आधी कळव, म्हणजे अहेर वहीत धरता येईल.

मी पाडव्याच्या आदल्या दिवशी निघतो. 19 ला दोघांना एकत्र बसवून हे सांगायचंय, म्हणून आकडा त्याच्या आधी पाठव. नुसती बेरीज नको, पानांचा फोटो पण पाठव. दिवसा उजेडात काढ, आण्णांचा सात आणि एक सारखाच दिसतो.

तुझा,
सुधाकर