चूक खिळ्याची होती

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही. रिक्षाच्या पाठीमागं चार अक्षरं रंगवून घेतली, तेवढंच माझं लिखाण. पण परवा लेकीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ठरवलं की हे लिहूनच द्यायचं. समोर येऊन सांगायला गेलो तर माझा गळा दाटणार, आणि तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवणार.

दिवाळीपर्यंत पोरगी दुसऱ्या शाळेत होती, हे तुम्हाला माहीत आहे. का काढली, ते मी कधी बोललो नाही. तिथं तिसरीच्या वर्गात भिंतीवर आपल्या सोलापूर जिल्ह्याचा नकाशा होता. मॅडमनी विचारलं, करमाळा कुठं? हिनं बोट छताकडं केलं. वर्ग हसला, ते पोरांचं चालायचंच. मॅडमही हसल्या. वर म्हणाल्या, "रिक्षावाल्याची पोर, आणि हिचा करमाळा आभाळात!" मग अकरा तालुके दहा वेळा लिहून आणायची शिक्षा. तिनं रात्री बसून सगळं लिहिलं, एकही चूक नाही. पण त्या दिवसापासून परिसर अभ्यासाचं पुस्तक दप्तरातून बाहेर निघेना. फी मात्र तिथं एक तारखेला लागायची.

तुमच्या शाळेत येऊन तिला आठवडा झाला असेल. डबा विसरली म्हणून मी द्यायला आलो आणि दारातच थांबलो. तुम्ही नेमकं तेच विचारत होता, करमाळा कुठं? माझ्या पोटात गोळा आला. तिनं मान खाली घातली आणि हळूच बोट वर केलं. दोघंतिघं फिसकन हसली.

तुम्ही हसला नाहीत. पदर खोचला, खुर्चीवर चढला, नकाशा खिळ्यावरून काढला, फुंकर मारून धूळ झटकली आणि बाहेर व्हरांड्यात फरशीवर पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. सकाळचं ऊन कुठून येतंय ते पोरांना विचारलं, आणि नकाशाची पूर्व त्या उन्हाकडं येईपर्यंत तो फिरवला. मग लेकीला म्हणालात, "तुझं चुकलं नाही गं. भिंतीवर टांगला की उत्तर वरच जाते. चूक खिळ्याची आहे. आता सोलापुरावर उभी राहा आणि सांग."

ती आधी चपला काढून उभी राहिली. इकडंतिकडं बघितलं. मग पाठीमागच्या लिंबाच्या झाडाच्या पलीकडं बोट केलं. वायव्येला. बरोबर करमाळ्याकडं.

बाई, मी डबा खिडकीत ठेवून तसाच परत आलो. पार्क चौकापर्यंत मीटर टाकायचं भान नव्हतं.

आता घरी नुसता भूगोल चाललाय. आपल्या गावातल्या रस्त्यांची नावंच दिशा सांगतात, हे माझ्या वीस वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. पोरगी पुढं बसून सांगते, "पप्पा, विजापूर रोड म्हणजे दक्षिण. हैदराबाद रोड पूर्व. अक्कलकोट रोडला वळलात तर आग्नेय." नळाला पाणी आलं की म्हणते, हे भीमाशंकरावरून निघालंय, उजनीत थांबलं होतं. "पुण्याकडं पाऊस झाला की उजनी भरते" हे स्टँडवर आम्ही दर पावसाळ्यात बोलतो. पण तिकडं धो धो आणि इकडं आभाळ कोरडं, असं का, हे कुणी विचारत नव्हतं. लेकीनं घरातली चांगली सोलापुरी चादर उभी चुरगाळून सह्याद्री केला आणि तांब्यातलं पाणी एका अंगाला शिंपडलं. ढग समुद्रावरून येतो, डोंगर चढताना रिकामा होतो आणि आपल्या बाजूला येतो तेव्हा त्यात फारसं काही उरलेलं नसतं. आपण डोंगराच्या आडोशाला, म्हणून ज्वारी. आमच्या मंडळींनी ओल्या चादरीवरून दोघांनाही झापलं, पण मला कळलं. चाळिशीत कळलं.

आमच्या स्टँडवर एक रीत आहे. स्टेशनच्या दारात उभं राहून कुणी "स्टेशन कुठं?" विचारलं तरी हसायचं नाही. नवखा असतो, दमलेला असतो, कुणाच्या दवाखान्यासाठी आलेला असतो. हात करून दाखवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. ही रीत फारशा शाळा न शिकलेल्या माणसांनी पाडली आणि अजून पाळतात. शिकलेल्या माणसाला ती का जमू नये, हे कोडं मला सुटलेलं नाही. तुम्ही भेटलात म्हणून त्याचा राग थोडा उतरला, एवढं खरं.

प्रगतिपुस्तकात कुठली श्रेणी आहे ते मी नीट पाहिलंही नाही. खाली तुमच्या अक्षरात एक ओळ होती, "प्रश्न विचारते." ती मात्र घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

नकाशा अजून फरशीवरच उघडता, असं लेक सांगते. आणि त्या खिळ्याला आता तुमची पिशवी असते म्हणे.

आपला,
तिसरीतल्या एका मुलीचा बाप
सोलापूर